हाताला काहीतरी हवं

सोमवार, ४ ऑगस्ट

पोहोचले, आकेनेता. सगळ्यांना कळव, तुझी म्हातारी विमानातून पडली नाही. चढण्याआधी त्यांनी मला खोबऱ्याच्या गोणीसारखं काट्यावर उभं केलं, काखेतल्या चटईसकट, आणि काट्यावरच्या माणसाने आकडा असा मोठ्याने सांगितला की रांगेतल्या शेवटच्या बाईनेही मान डोलावली. माझं वय मला ठाऊक नाही, वजन मात्र आता आपल्या साऱ्या बेतिओ गावाला ठाऊक आहे.

तू शिकवलंस तसंच करतेय. हिरवा ठिपका दाबला आणि बोलतेय. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही, पण बोलण्यात मी कुणाला हार गेलेली नाही. तारीख फोन आपणच लावतो म्हणालीस. लावू दे, त्यालाही काहीतरी काम हवं.

नर्सबाई, दवाखान्यात तू जे जे सांगितलंस ते पाठ आहे. रोज थोडं बोलायचं. हाताला आणि तोंडाला रिकामं ठेवायचं नाही. पत्त्यांच्या अड्ड्यापासून लांब जायचं. ते तर झालंच. आमच्या चटईवर पाच जणी बसायच्या आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं खोबरं भाजतायत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणे, विडी एकटीने सोडायची नाही, जोडीदार धरायचा. त्याला तल्लफ आली की आपण धीर द्यायचा, आपल्याला आली की त्याने. तो अजून मिळायचा आहे. या वयात नवरा मिळणं सोपं, विडी सोडणारा जोडीदार कठीण.

हे माझ्या आईचं बेट. जन्मात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. माझी नात तेरेतिया इथल्या शाळेत शिकवते, ती धावपट्टीवर उभी होती, कडेवर कारो. माझी पणती. दिवस भरायच्या आधी जन्मली, छाती चिमणीएवढी. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, हिच्या आसपास धूर नको. तेरेतियाने नमस्काराच्या आधी अट घातली.

‘‘आजी, तोंडाला धूर लागला त्या दिवसापासून कारो तुझ्या मांडीवर नाही. मला वास कळतो.’’

मी म्हटलं, कळेलच, नाक माझ्याच घराण्याचं आहे. मग तिने कारोला माझ्याकडे दिलं. इतका वेळ हात थरथरत होते, म्हातारपण म्हणून नव्हे, सकाळपासून विडी नव्हती म्हणून. पोरगी मांडीवर आली आणि हात थांबले. बघ, औषध सापडलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज मूळपुरुषाला भेटून आले. नवं माणूस बेटावर आलं की आधी त्याच्याकडे जायचं, मग कुणाच्याही घरी जेवायचं. माझ्या आईचं घराणं त्याच्यापासूनच सुरू झालं. नाकेउआ त्याचं नाव. बाहेरच्या समुद्राच्या अंगाला दगडांचं रिंगण आहे, आत पांढरी वाळू, त्याखाली तो. राखण करणारे तोआकाई म्हणून आहेत, माझ्याच वयाचे, पण हसायचं कुणी शिकवलेलं नाही.

रीत साधी आहे. तंबाखू द्यायची. तोआकाई तिची चिमूट केतकीच्या पानात वळतात, पेटवतात, दगडावर ठेवतात. ती संपली की तिथली वाळू गालाला लावायची, झालो आपण त्या बेटाचे. पण माझ्याकडे तंबाखू कुठली? निघताना पिशवीत एक काळी वळी होती, ती चटईवरच्या मैत्रिणींनी मागून घेतली. तोआकाई म्हणाले, माझी घे. मी म्हटलं, नर्सने हात लावायला बंदी केली आहे. आणि दगडावर कडक बिस्किटांचा पुडा ठेवला, वर तू दिलेली, विडीऐवजी चघळायची गोळी.

मागे तेरेतियाच्या शेजारणी उभ्या होत्या, त्यांना हसू फुटलं. मग मला चेव आला. मी वाळूकडे बघून म्हटलं, ‘‘नाकेउआ, मी तुझ्या रक्ताची आहे आणि मी तुझ्याकडे मागते. मी विडी सोडलीय, तूही सोड. जोडीदार हो माझा.’’

बायका पोट धरून हसल्या. तोआकाई हसले नाहीत. येताना वाटेत म्हणाले, असं मागायचं नव्हतं.

तुला बुबुतीची रीत सांगायला नको, तू काय परक्या देशातून आलेली नाहीस. रक्ताच्या माणसाने मागितलं की नाही म्हणता येत नाही. माझ्या चुलतबहिणीने एकदा लग्नाच्या पंगतीत माझ्या अंगावरचा झंपर मागितला होता. दिला, आणि टेबलाचं कापड गुंडाळून जेवले. म्हणून शहाणी माणसं नवी वस्तू लपवतात, नाहीतर मागणाऱ्याने तोंड उघडायच्या आत विषय बदलतात. तोआकाईंचं म्हणणं, तोही रक्ताचाच आहे, त्यालाही नाही म्हणता येणार नाही. आणि ज्याच्याकडे मागितलं, तो पुढे आपल्याकडे मागणार.

मी म्हटलं, मागू दे, माझ्याकडे आहे काय? एक चटई, एक फोन.

गुरुवार, ७ ऑगस्ट

काल सभाघरात माझं स्वागत झालं. नीरफणस, खारवलेला मासा, अळूच्या कंदाचा लगदा, डुकराची मांडी. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन कसे बोलणार? मासे थंड झाले, पोरं झोपली, पण एकानेही मला थांबवलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही ही रीत इथे बेतिओपेक्षा कडक आहे. मला हे बेट फार आवडलं.

आणि किती गुणी माणसं. तेरेतियाने सांगितल्यापासून माझ्यासमोर कुणी विडी पेटवत नाही. पुरुष खडकाच्या टोकाला जाऊन ओढतात आणि तोंड धुऊन परततात. एक बाई रोज नीरा आणून देते, तोंड गोड ठेव म्हणते. तल्लफ येते तेव्हा येते, घशात कुणी बोट घालून ओढतंय असं वाटतं. मग मी कारोला घेते. तिची बोटं मोजते, तिच्या टाळूला फुंकर घालते. जाते तल्लफ.

तिचा श्वास शीळ घालतो अजून. पण ती मला बघून हसते, आणि दात नसलेल्या दोघींचं चांगलं जमतं.

रविवार, १० ऑगस्ट

चर्चमधली मिस्सा झाल्यावर तोआकाई घरी आले. घराच्या खांबांवरच्या माचावर बसले. मग सांगितलं की ते रोज पहाटे नाकेउआच्या दगडावर पेटती विडी ठेवतात, त्यांच्या आधी त्यांच्या बापाने ठेवली, आणि ती आपली आपण जळून जाते, राखही उरत नाही. मी त्याच्याकडे मागितलं त्या दिवसापासून ती जळत नाही. पेटवून ठेवली की विझते. सकाळी बघावं तर रिंगणाबाहेर पडलेली, ओली.

मी म्हटलं, अभिनंदन करा त्याचं. आकेनेता, तुझ्या वहीत आणखी एक नाव घाल, वय विचारू नकोस.

तेरेतिया हसली. तोआकाई उठून गेले, नीरा न पिताच.

बुधवार, १३ ऑगस्ट

गावात कुणाचे तरी हात चाळवतायत. असं माझं नाही, शेजारणीचं म्हणणं. कोळ्यांची जाळी वाळत घातलेली असतात, त्यांच्या गाठी सुटलेल्या सापडतात. सगळ्या नाहीत, एका कडेच्या, ओळीने, जसं कुणी बसून एकेक गाठ सोडत गेलं. माडांना बांधलेल्या दोऱ्यांच्या वेण्या घातलेल्या. मुलांना धमकावून झालं, मुलं शपथा घेतात.

माझ्या चटईची कड चघळलेली आहे. उंदीर कुरतडतो, आकेनेता, उंदराचं काम मला कळतं. हे चघळलेलं आहे. पाती चपटी झाली आहेत आणि ओली.

म्हणून मी दुपारी रिंगणाकडे गेले. बिस्किटांचा पुडा तसाच होता. गोळी नव्हती. शेजारच्या दगडावर ती चघळून चिकटवलेली होती. तिच्यावर दातांच्या खुणा. फार रुंद दात, झिजून सपाट झालेले.

मी गंमत केली होती. मुलाबाळांत करतात तशी.

शनिवार, १६ ऑगस्ट

खोकला सुरू झाला. तू सांगितलंच होतंस, सोडल्यावर छाती आतली घाण वर काढते, घाबरायचं नाही. घाबरले नाही. दुपारी माचावर बसून खोकत होते, कारो झोळीत. मी खोकले, थांबले. खालून कुणीतरी खोकलं. मला वाटलं शेजारचा म्हातारा. पुन्हा मी खोकले, पुन्हा खालून. माझ्यामागून, जसे मिस्सेत आपण फादरांच्या मागून म्हणतो.

खाली वाकून बघितलं. कुणी नव्हतं. खड्यांवर थुंकी पडल्यासारखे काळे गोळे होते. बोटाने फोडला. वाळू. ओली, काळी, आणि वास जुन्या तंबाखूचा.

कारो जागी झाली आणि कोपऱ्याकडे बघून हसली. मला बघून हसते तशीच.

मंगळवार, १९ ऑगस्ट

तेरेतिया शाळेत. ऊन डोक्यावर, माडाचं पान हलत नव्हतं. मी चुलीपाशी पाणी आणायला गेले आणि वळले, तर झोळी हलत होती. मुलाच्या चाळवण्याने हलते तशी नाही. लयीत. कुणीतरी सवयीने हलवतंय तशी.

कारो शांत होती. तिच्या दोन्ही गालांवर वाळू होती. पांढरी, रिंगणातली. अंगठ्याने लावलेली, कारण अंगठा उमटला होता. तिचा गाल झाकेल एवढा.

तेरेतिया घरी आली तोवर मी ती वाळू पुसली होती, कशी ठेवणार? तिला नुसतं सांगितलं. ती माझ्याजवळ बसली. हात धरला. म्हणाली, आजी, विडी सुटताना असं होतं, माणसाला नाही ते दिसतं, ऐकू येतं, नर्सने मला सांगून ठेवलंय. तू किती छान करतेयस. आम्ही सगळे तुझ्याबरोबर आहोत.

फार प्रेमाने बोलली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं होतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

तुझा निरोप मिळाला. शाळेच्या आवारात फोनला रेंज मिळते, तेरेतिया तिथून माझं बोलणं तुला पाठवते आणि तुझं घेऊन येते. तू पहिले दोन दिवस ऐकलेस. खूप हसलीस म्हणतेस. जोडीदार झकास निवडला म्हणतेस. त्याला सोडू नकोस, रोज भेट, त्याचाही धीर वाढव, म्हणतेस.

पोरी, बाकीचं ऐक. बाकीचं लवकर ऐक.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सांगून टाकते. मी ओढली.

तोआकाईंकडून चिमूटभर मागून घेतली आणि त्यांनाच घेऊन सकाळी रिंगणापाशी गेले. म्हटलं, नाकेउआ, चुकले मी. माझं मागणं मी परत घेते. तुला मोकळं केलं. ओढ बाबा, पोटभर ओढ. तोआकाईंनी पेटवायचा प्रयत्न केला, काडीमागून काडी विझली. म्हणून विडी मी वळली, मी ओठात धरली, मी पेटवली. एकच झुरका, पेटण्यापुरता. दगडावर ठेवली.

धूर सरळ वर जात होता. मग विडीचं टोक दबलं. कुणी ओल्या बोटांनी चिमटीत धरून विझवतं तसं, चर्र आवाज आला. आणि ती घरंगळत माझ्या पायाशी आली. हळू. परत करतात तशी.

त्याने सोडली आहे, आकेनेता. मी एका झुरक्याला हरले आणि तो हरला नाही. रक्ताच्या माणसाला दिलेला शब्द तो पाळतोय.

तोआकाई म्हणाले, ‘‘त्याला तंबाखू नको आता. त्याला हाताला काहीतरी हवंय.’’

घरी आले. तेरेतिया दारातच थांबली, वास घेतला. कारोला उचलून आत नेलं.

माझे हात पुन्हा थरथरतायत.

रविवार, २४ ऑगस्ट

त्याला बघितलं.

भर दुपारी, माचाच्या पायरीशी. उन्हात डोळे दिपले की माणूस काळा दिसतो तसा दिसला, चेहरा नाही. हात मात्र दिसले. मोठे. मांडीवर पालथे ठेवलेले, आणि बोटं सारखी चाललेली. अंगठा बोटांवर, बोटं अंगठ्यावर. विडी वळतात तशी. काहीच नसताना वळत होता.

मला दया आली. खरं सांगते. माझीही बोटं तशीच चाललेली.

मी गप्प होते. तो पुढे झुकला आणि म्हणाला, ‘‘पोरी, मला—’’

मी बोलायला लागले. काय बोलले माहीत नाही, झंपराची गोष्ट सांगितली बहुतेक. तो थांबला. मागे सरला, हात मांडीवर ठेवले, आणि माझं संपायची वाट बघत बसला.

रीतीचा माणूस आहे.

बुधवार, २७ ऑगस्ट

तोआकाईंना विचारलं. ते म्हणाले, मी दगड राखतो, तुमच्या दोघांतलं मागणं माझ्या हातात नाही. मी म्हटलं, मग करू काय?

‘‘मागू देऊ नकोस. एकदा मागितलं की दिलंच समज.’’

चार माणसं असली की तो येत नाही. घर रिकामं झालं की येतो. म्हणून घर रिकामं झालं की मी बोलते. चुलीशी बोलते, झोळीशी बोलते, फोनशी बोलते. शेजारणी हसतात, म्हणतात विडी सुटली आणि जीभ सैल झाली. तेरेतिया कारोला शाळेत बरोबर नेते आता. माझ्यावर भरवसा नाही म्हणून. मी मनात म्हणते, नको ठेवूस, बाई, नकोच ठेवूस.

सोमवारचं विमान. कारोची छाती दाखवायला तिघी जाणार, तेरेतिया कबूल झालीय. मलाही परत पोहोचवायचं असेल, तोंडाने म्हणत नाही. पाण्यापलीकडे तो येणार नाही. त्याचे दगड इथे आहेत.

सोमवारपर्यंत बोलायचं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

घसा गेला. नीरा घेते, बोलते. बोलता बोलता खोकला येतो तेव्हा— तेव्हा तो पुढे झुकतो. खोकल्यात मी तोंड बंद ठेवत नाही. आ— आ— करत राहते. आवाज तुटायला नको.

दम पुरत नाही. डॉक्टरांनी ते काळं चित्र दाखवलं होतं ना, माझ्या छातीचं. म्हणाले, अर्धी उरली आहे. मी म्हटलं होतं, अर्धी पुष्कळ आहे.

शनिवार, ३० ऑगस्ट

पिशव्या बांधल्या. कारोला ताप आहे, हलका.

तो आज पायरीवर नव्हता. माचावर होता. माझ्या चटईच्या कडेला बसलेला. त्याने कड सोडवून ठेवलीय, पाती पाती. वाट बघण्यात वेळ काढतोय.

मी विचारलं नाही काय हवंय. मला माहीत आहे काय हवंय. जे मला हवं होतं तेच.

रविवार, ३१ ऑगस्ट

आज बिशप आलेत, सगळं गाव मिस्सेला, तेरेतियाशिवाय गाणी कोण धरणार? मी सांगितलं, मीही येते, कारोलाही घेऊ. ती म्हणाली, तापात गर्दीत नको. मी म्हटलं, मग शाळेतल्या कुणाकडे ठेव. तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले तिचे. म्हणाली, ‘‘आजी, त्या दिवसानंतर तू तोंडाला लावली नाहीस, मला ठाऊक आहे. माझंच चुकलं. घे तिला.’’

आणि ठेवली मांडीवर. मला नाही म्हणता— कसं म्हणणार होते? इतके दिवस मी याच्यासाठीच—

गेली ती. आता बोलतेय. फोन झोळीच्या दोरीला अडकवलाय. समोर आहे तो. हात पुढे करून बसलाय, तळवे वर. जसे आपण मूल घ्यायला करतो, तसेच, डोक्याखाली आधार द्यायला एक तळवा जरा वर. त्याने कधीतरी मुलं वाढवली असतील. असतीलच, नाहीतर मी कुठून आले?

ऐक नाकेउआ, माझं झालं नाही अजून. माझी आई सांगायची, तू पहिला नारळ लावलास इथे, खारं पाणी होतं, उगवला नाही, पुन्हा लावलास. चिकाटीचा माणूस. ते मला माहीत असतं तर मी तुला जोडीदार— बरं. मिस्सा संपली की घंटेऐवजी टांगलेली गॅसची टाकी वाजवतात, लोखंडाने, सबंध बेटाला ऐकू येते. ती वाजली की माणसं येतील. तोपर्यंत माझी पाळी. सभाघरात म्हातारीची पाळी संपेपर्यंत— तू रीतीचा आहेस—

उठता येत नाही. उठले तर तोही उठतो. आणि चालू की बोलू, दोन्हीला छाती पुरत नाही, आकेनेता. ओरडलेही. गाण्याच्या वर माझा आवाज जात नाही. तिकडे शंभर गळे, इकडे अर्धी छाती.

मी तुला चटई देते, नाकेउआ. फोन घे. मी येते, मी येते तुझ्याकडे वाळूखाली, माझे हात घे, मी विडी वळायला शिकवलंय साऱ्या— नाही. मान हलवतो. त्याला माहीत आहे मी देतेय ते वेगळं. त्याने मागितलेलं नाही. मागू तर दे म्हणतो. हातांनी म्हणतो.

कारोच्या गालाला वाळू आहे. आत्ता नव्हती.

ती हसते त्याला. नको हसूस गं. माझ्याकडे बघ. बोटं कुठायत तुझी— हे एक, हे— आपण दोघी, बिनदाताच्या—

खोकला येतोय. आ— आ— थांबले नाही मी. आवाज चालू आहे, नाकेउआ, हे बोलणंच आहे, हे— आ—

टाकी? टाकी वाजली का? नाही. गाणंच आहे. शेवटचं असेल. हे शेवटचंच असतं, मला माहीत आहे, याला तीन कडवी, तेरेतिया तिसरं लांबवते, नको लांबवूस, पोरी, नको—

तो वाकला.

झालं नाही माझं. ऐकलंस? संपलं नाही. अजून खूप— झंपर, तो झंपर निळा होता, आणि पंगतीत— जरा दम घेते फक्त, एवढा एक दम, आणि मग पुढचं—